वाचकांचे प्रश्न : एका दिवसात अल्बम होतो का?

प्रश्न : ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा पहिला अल्बम म्हणे एका दिवसात रेकॉर्ड झाला. खरं आहे का? आमच्या बँडची सात गाणी तयार आहेत आणि स्टुडिओचं भाडं तासावर आहे. आम्हालाही जमेल का?

उत्तर : खरं आहे. १६ ऑक्टोबर १९६९, लंडनचा रीजंट साउंड स्टुडिओ, निर्माता रॉजर बेन, सुमारे बारा तास. वादक एकत्र वाजवत होते आणि ऑझी ऑस्बोर्न त्याच वेळी वेगळ्या बूथमध्ये गात होता. बहुतेक गाणी एक-दोन टेकमध्येच, म्हणजे एक-दोनदा वाजवूनच, आटोपली. सुरुवातीचा पाऊस, गडगडाट आणि घंटा नंतर जोडली. पण त्याआधी हीच मंडळी हॅम्बुर्गच्या स्टार-क्लबमध्ये दिवसाला अनेक सेट वाजवून पक्की झाली होती. ते दिवस बारा तासांत कुणी धरत नाही.

तुमचा हिशेब असा मांडा : माइक लावणं आणि ड्रम सुरात आणणं यात तीन तास सहज जातात. पुढे गाण्यामागे पाऊण तास, म्हणजे सव्वापाच. उरलेला वेळ गायन आणि दुरुस्त्यांना. मिक्सिंग, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवणं, त्याच दिवशी करू नका, थकलेल्या कानांना झांजांचा तिखटपणा कळत नाही आणि ट्रेबल (आवाजाची तीक्ष्ण बाजू) वाढतच जातो. तिसऱ्या टेकलाही गाणं बसलं नाही, तर पुढचं घ्या. हट्टाने दहावा टेक करून लय फक्त जड होते.

गिटारच्या तारा आदल्या दिवशी बदलून ताणून ठेवा. त्याच सकाळी बदलल्या तर दर गाण्याला उतरतील. दुसरी गिटार सोबत हवीच. सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) एका गाण्यानंतर बिघडला आणि बाकीचा अल्बम पर्यायी म्हणून आणलेल्या गिब्सन एसजीवर झाला. आज सॅबथचा म्हणून जो जाड आवाज ओळखला जातो, तो त्या बदलीच्या गिटारचा!

प्रश्न : सगळे एकत्र वाजवताना स्नेअर ड्रम आपोआप खरखरतो. काय करावं?

उत्तर : बेस गिटारच्या एखाद्या सुराला स्नेअरचं खालचं कातडं थरथरतं आणि त्याला लागून असलेल्या तारा वाजतात. बेसवाल्याला एकेक फ्रेट सावकाश वाजवायला सांगा. दोषी सूर लगेच सापडेल. मग खालचं कातडं थोडं वर किंवा खाली सुरात घ्या. टॉम या शेजारच्या ड्रममुळेही हेच होतं, तेव्हा टॉमचा सूर हलवा. बेसचा ॲम्प फरशीवरून उचला, किंवा बेस थेट लाइनमधून घ्या. स्नेअरच्या तारा करकचून आवळणं हा उपाय नव्हे, त्याने स्नेअरचा आवाजच गुदमरतो. एकत्र वाजवताना माइकांमधलं अंतरही बघा : एका ॲम्पपुढचा माइक ३० सेंटीमीटरवर असेल, तर शेजारचा माइक त्याच्यापासून किमान ९० वर ठेवा. नाहीतर एकच आवाज दोन्ही माइकांत थोडा मागेपुढे पोचतो आणि स्वतःलाच कापतो.

प्रश्न : त्या अल्बमच्या पहिल्या गाण्याचा रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून) इतका अशुभ का वाटतो?

उत्तर : पेटीवर वाजवून बघा. सा, वरचा सा, मग उतरून तीव्र मध्यम. पंचमावर न विसावता तो सूर तिथेच थरथरत राहतो. सावकाश वाजवा, घाईत वाजवला तर भीती जाते.