वेड ‘लागतं’, आजार ‘होतो’

प्रश्न असा आहे: ‘वेड लागणे’ हा प्रयोग आता टाळावा का, आणि त्याऐवजी ‘मनोरुग्ण’ म्हटलं की भागतं का?

‘वेड’ या शब्दाशी माझं भांडण नाही. गाण्याचं वेड असतं, आई लेकीला ‘वेडी गं माझी’ म्हणून जवळ घेते. मला खटकतं ते ‘लागणे’. मधुमेह होतो, कावीळ होते, ताप येतो. वेड मात्र लागतं. तसंच भूत लागतं, दृष्ट लागते, नाद लागतो. (उचकी आणि धापही लागते हे खरं, पण ती घटकाभराची.) आता भूत उतरवायचं असतं, दृष्ट काढायची असते आणि नाद सोडायचा असतो. औषध यातल्या कशालाच नाही.

इंदूरला रामबागेत आमच्या आत्याला कुणी नसताना आवाज ऐकू यायला लागले, तेव्हा हे सगळं झालं. आजीनं मीठमोहऱ्या ओवाळून शेगडीत टाकल्या. काका म्हणाले, ‘‘मनाचे खेळ आहेत, नाद सोड.’’ मनोरुग्णालयाचं नाव कुणी काढेना, कारण ते बाणगंगेला, आणि आमच्याकडे ‘बाणगंगा’ म्हणजे टोमणाच. पुण्याकडे येरवड्याचं आणि मुंबईकडे ठाण्याचं तेच झालंय. जिथे गावांची नावं सुटली नाहीत, तिथे ‘मनोरुग्ण’ कसा सुटेल? ‘मनोरुग्णाचा धुमाकूळ’ अशा मथळ्यांनी तोही डागाळलाच.

कायद्यानंही शब्द बदलत आणलेत. १९१२ च्या कायद्याच्या नावात ‘लूनसी’ (lunacy, म्हणजे वेड) होतं. त्याचं मूळ चंद्राच्या लॅटिन नावात, म्हणजे तिकडेही खापर बाहेरच्यावरच. १९८७ च्या नव्या कायद्यानं तो रद्द केला. २०१७ चा कायदा ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ म्हणतो आणि आरोग्य विम्यात या आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीनं धरायला सांगतो.

तेव्हा ‘वेड’ गाण्यासाठी खुशाल ठेवा. आजाराबद्दल लिहिताना आजाराचं नाव घ्या: ‘तिला स्किझोफ्रेनिया झालाय’, ‘त्याला डिप्रेशन आहे’. होतो, आहे, बरा होतोय, गोळ्या चालू आहेत, ही साधी क्रियापदं इथे आणा.

आत्याला अखेर डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिलंच विचारलं, ‘‘कब से हो रहा है?’’ घरात वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं. आत्यानं बोटांवर महिने मोजायला सुरुवात केली.