मॅडम, तो अभ्यासाला बसतच नाही

हे वाक्य मी माझ्याकडे मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांकडून आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकते, शाळा सुरू झाल्या की जास्तच. मागच्या जुलैमध्ये एक आई आल्या, चिंचवडला राहतात, स्वतः नोकरी करतात, नवऱ्याची कंपनीत शिफ्ट ड्युटी, मुलगा सहावीत (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). आल्या आल्या मोबाईलवर फोटो दाखवला, फ्रिजवर चिकटवलेलं टाइमटेबल, रंगीत स्केचपेनांनी केलेलं, साडेपाच ते साडेसात अभ्यास. म्हणाल्या अशी चार झाली, एकही आठवडाभर टिकलं नाही. "रोज शेजारी बसते मॅडम, मी ओरडते, तो रडतो, मग मलाही रडू येतं. ह्यांचं म्हणणं, आमच्या वेळी कोण बसायचं शेजारी, तूच लाडावून ठेवलायस."

मुलाशी मी एकट्याशी बोलले. विचारलं, बसलास की सगळ्यात आधी काय करतोस? तो जरा वेळ शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहिला आणि मग म्हणाला, "दप्तर उघडतो. मग कुठलं पुस्तक काढू तेच कळत नाही. मग आई म्हणते नुसता काय बसलायस, मग हाताला येईल ते काढतो."

टाइमटेबलात वेळ होती, काम नव्हतं. सगळे त्याला आळशी म्हणत होते आणि पोराला सुरुवात कुठून करायची हेच कळत नव्हतं, मला खरंच वाईट वाटलं.

मग आईला आत बोलावलं आणि त्याला इतिहासातला हडप्पा संस्कृतीचा धडा वाचायला दिला. एक पान, तीनदा वाचलं त्याने, ओठ हलवत. पुस्तक मिटलं आणि म्हटलं आता सांग. "ते महास्नानगृह... आणि मुद्रा..." आणि थांबला. आई म्हणाल्या, "अहो काल दोन तास हाच धडा घेऊन बसला होता!" बसला होता हो, खोटं नाही, पण वाचणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला होता, काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने त्यांना 42 टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. म्हणजे परत परत वाचलं की येतंय असं वाटतं, तिथेच मुलं फसतात, आणि आपणही.

मग आम्ही टाइमटेबल काढून टाकलं. शाळेतून आला की खाणं, खेळणं, आणि खेळून आल्यावर हातपाय धुतले की त्याने स्वतः डायरी बघून चिठ्ठीवर तीन कामं लिहायची, जसं की 'गणित, उदाहरणसंग्रह, पहिली चार'. सगळ्यात सोपं काम आधी. वीस मिनिटं, भिंतीवरचं घड्याळ बघून, मोबाईलचा टायमर नको कारण मोबाईल हातात आला की संपलंच. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. आईने शेजारी बसायचं नाही, स्वयंपाकघरात थांबायचं, फक्त चिठ्ठी बघायची. हे शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं. आणि वडिलांना एकच काम दिलं, ज्या दिवशी घरी असाल त्या दिवशी कालच्या धड्यातलं त्याला विचारायचं, चुकलं तर रागवायचं नाही.

(डोळे तपासून घ्या हेही सांगितलं होतं. आणि मूल तोंडी छान सांगतं पण वाचताना-लिहिताना सतत अडखळत असेल तर ती सवयीची गोष्ट नसते, अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या, उशीर करू नका. याच्यात तसं काही नव्हतं.)

तीन आठवडे बरे गेले आणि गणपती आले, घरात पाहुणे, पाच दिवस पुस्तकाला हात नाही. आईंचा फोन, "मॅडम, सगळं मुसळ केरात." 21 दिवसांत सवय लागते असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं आणि ते मोडलं म्हणून खचल्या होत्या. त्यांना मी फिलिपा लॅली या संशोधक बाईंचं लंडनमधलं सवयींवरचं संशोधन सांगितलं, 96 जण होते, मोठी माणसं आणि सवयी साध्याच, जेवणाबरोबर फळ खाणं वगैरे, तरी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18 तर कुणाला 254. आणि मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. आता पाच दिवस म्हणजे एक दिवस नव्हे, पण पहिल्यापासून सुरू करायचीही गरज नव्हती. म्हटलं, उद्या फक्त चिठ्ठी लिहू दे, दोन दिवस बाकी काही मागू नका.

दिवाळीनंतर आले तेव्हा त्याने खिशातून घडी घातलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठाच काढला, काहींवर तिन्ही कामं खोडलेली, काहींवर एकच. गणितातली शाब्दिक उदाहरणं अजून शेवटी ढकलतो, सध्या आम्ही त्यावर काम करतोय. आई म्हणाल्या, परवा मी सवयीने जाऊन शेजारी बसले तर म्हणाला, "आई तू जा ना आत, मी आठवतोय."