समाजवादी राज्याला रिपब्लिकन गव्हर्नर कसा? (व्हरमाँटबद्दल)

तुमचे प्रश्न तीन. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, बर्लिंग्टनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आहे तर राहायचं कुठे. स्वतःला समाजवादी म्हणवणाऱ्या सेनेटर बर्नी सँडर्सच्या राज्याला रिपब्लिकन गव्हर्नर कसा. आणि "इथून कोणी नाव घेण्यासारखं निघालंय का". मी त्या भागात अकरा वर्षं काढली आहेत. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो कळला की बाकीचं सोपं जातं.

२०२० ची निवडणूक बघा. त्याच दिवशी, त्याच लोकांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट बायडेन यांना आणि गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन फिल स्कॉट यांना मतं दिली. दोघांनाही साधारण दोन-तृतीयांश. स्कॉट बॅरीचे. ग्रॅनाइटच्या खाणींचं हे गाव लिहितात फ्रेंच वळणाने, पण म्हणतात 'बॅरी'. तिथल्या थंडर रोडच्या ट्रॅकवर ते गाड्यांच्या शर्यती खेळत आले आहेत. लोकांना ते चेहऱ्याने माहीत आहेत आणि ट्रम्प यांना आपण मत दिलं नाही हे ते उघड सांगतात. एवढं पुरतं. इथे गव्हर्नरची मुदत दोनच वर्षांची. २०२४ मध्ये ते पाचव्यांदा निवडून आले.

सँडर्स यांचंही तसंच. ते मूळचे ब्रुकलिनचे, म्हणजे इथल्या भाषेत 'फ्लॅटलँडर', सपाटीवरून डोंगरात आलेले उपरे. १९८१ मध्ये बर्लिंग्टनच्या महापौरपदाची निवडणूक ते अवघ्या १० मतांनी जिंकले, आणि हरवलं ते एका जुन्या डेमोक्रॅट महापौराला. आजही ते अपक्ष म्हणूनच उभे राहतात.

त्यामुळे 'समाजवादी राज्य' हे बाहेरून लावलेलं लेबल आहे. १८५६ पासून १९६० पर्यंत या राज्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी एकदाही डेमोक्रॅट निवडला नव्हता. १९३६ मध्ये अख्खा देश डेमोक्रॅट रूझवेल्ट यांच्या मागे गेला तेव्हा मेन आणि व्हरमाँट ही दोनच राज्यं विरुद्ध गेली. मग बाहेरून माणसं आली, पक्षही बदलत गेले, पण उमेदवाराला पारखायची पद्धत फारशी बदलली नाही. जॉर्ज एकेन नावाचे रिपब्लिकन सेनेटर होते; १९६८ च्या निवडणुकीत त्यांचा खर्च झाला १७ डॉलर ९ सेंट. आपल्याकडे एवढ्यात कार्यकर्त्यांचा चहासुद्धा होत नाही.

ही सवय कुठून येते ते बघायचं तर मार्चच्या पहिल्या मंगळवारी एखाद्या लहान गावात जा. त्या दिवशी 'टाउन मीटिंग' असते, राज्याची सुट्टीच. संपूर्ण राज्याची वस्ती साडेसहा लाखांच्या आत आणि गावं अडीचशेच्या आसपास. काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाला, इथे फारसा कारभारच नाही. रस्ते, बर्फ, कर सगळं गावाकडे. गावाचं अंदाजपत्रक शाळेच्या नाहीतर टाउन हॉलच्या सभागृहात कलमावार वाचून मंजूर होतं. आपली ग्रामसभा कागदावर अशीच आहे.

दुसऱ्या वर्षी मी स्वस्त भाड्यासाठी डोंगरातल्या एका गावात राहायला गेलो होतो. राज्यातले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे आहेत, आणि बर्फ वितळायला लागला की 'मड सीझन' येतो. माझी गाडी आमच्या वळणावर दोनदा रुतली आणि दोन्ही वेळा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ती ओढून काढली. टाउन मीटिंगला रस्त्याचं कलम निघालं तेव्हा मी हात वर केला. सभा चालवणाऱ्या मॉडरेटरने विचारलं, तुम्ही गावचे मतदार का? मी व्हिसावर. मग त्यांनी सभेलाच विचारलं: "हे मतदार नाहीत. यांना बोलू द्यायचं का?" नियमाप्रमाणे त्याला दोन-तृतीयांश लोकांची संमती लागते. मी काय बोलणार हे कोणालाच माहीत नव्हतं, तरी भराभर हात वर झाले. मी विचारलं, वळणापुढे खडी का टाकत नाही? रस्त्याचं काम बघणारा माणूस मागच्या भिंतीला टेकून उभा होता, पायात चिखलाचे बूट. म्हणाला, "तिथली मोरी तुंबलेली आहे. खडी टाकली की चिखल ती गिळतो. आधी मोरी, मग खडी." एका आजींनी मोरीसाठी रक्कम वाढवायची दुरुस्ती मांडली आणि ती आवाजी मतदानाने पास झाली. दुपारी जेवणाच्या रांगेत त्याच आजी अ‍ॅपल पाय वाढत होत्या. मला एक तुकडा जास्त मिळाला.

हे ऐकून भारावून जाऊ नका. बऱ्याच गावांनी आता दिवसभराची छापील मतपत्रिका घेतली आहे, सभेला येतात ते थोडेच. आणि राज्य नव्वद टक्क्यांच्या आसपास गोरं आहे. सगळे एकसारखे असले की शेजारधर्म सोपा जातो. २०१८ मध्ये बेनिंग्टनच्या कृष्णवर्णीय आमदार काया मॉरिस यांनी वर्णद्वेषी छळाला कंटाळून पद सोडलं, तेही याच राज्यात.

आता माणसं. राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज प्लिमथ नॉच नावाच्या वाडीतले. ३ ऑगस्ट १९२३ च्या पहाटे पावणेतीनला, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात त्यांना शपथ दिली ती नोटरी असलेल्या त्यांच्या वडिलांनी. ती खोली आजही बघता येते, नक्की जा. मुंबईत जन्मलेला किपलिंग १८९२ ते ९६ ब्रॅटलबरोजवळ राहिला. मोगलीच्या गोष्टी त्याने इथल्या बर्फात बसून लिहिल्या. घराचं नाव 'नौलखा'. मेहुण्याशी भांडण कोर्टात गेलं आणि तो निघून गेला.

पण आपल्यासाठी सगळ्यात जवळचा माणूस बर्लिंग्टनमध्येच आहे. तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांचा जन्म इथे १८५९ चा, शिक्षण इथल्याच विद्यापीठात, आणि त्यांच्या अस्थीही विद्यापीठाच्या आवारात, आयरा अ‍ॅलन चॅपलशेजारी आहेत. कोलंबियात बाबासाहेब आंबेडकर यांना शिकवणारे हेच ड्युई. लोकशाही म्हणजे नुसती राज्यकारभाराची पद्धत नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत, हा विचार बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनावरच्या, लिहिलेल्या पण प्रत्यक्ष न झालेल्या भाषणात मांडला, तो ड्युईंकडूनच आलेला. जून १९५२ मध्ये बाबासाहेब मानद पदवी घ्यायला न्यूयॉर्कला गेले, आणि त्याच दिवसांत ड्युई वारले. टाउन मीटिंगने ड्युई घडवले असं म्हणणं जरा जास्तच होईल. बर्लिंग्टन त्यांच्या लहानपणीच शहर झालं होतं. आणि भारतातल्या खेड्याबद्दल बाबासाहेबांचं मत किती कडक होतं ते आपल्याला ठाऊकच आहे. तरीही त्या सभागृहात परक्या माणसाला बोलू द्यायला हात वर झाले तेव्हा मला आठवण झाली ती याच दोघांची.

राहायचं म्हणाल तर पहिलं वर्ष डोंगरात नको. विनुस्की बघा: जेमतेम दीड चौरस मैलाचं, हॉस्पिटलपासून जवळ, भूतानहून आलेल्या नेपाळीभाषक निर्वासितांची वस्ती, त्यामुळे हिंग आणि कढीपत्त्यासाठी वणवण नाही. शाळा महत्त्वाची असेल तर साउथ बर्लिंग्टन किंवा एसेक्स जंक्शन. भाड्याचं घर मिळणं हे मात्र सगळीकडेच दुखणं आहे. नोकरीच्या तारखेच्या तीन महिने आधीपासून शोधा.

एक सावधगिरी. विनुस्की, राजधानी माँटपिलिअर आणि बर्लिंग्टन इथे नागरिक नसलेल्या, पण कायद्याने राहणाऱ्यांना स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. गव्हर्नरांचा नकाराधिकार डावलून विधिमंडळाने ते मंजूर केलं. पण तुमच्या व्हिसावर ते बसतं का हे टाउन किंवा सिटी क्लार्कला आणि आपल्या वकिलाला आधी विचारा, आणि राज्याच्या किंवा देशाच्या मतदार नोंदणीच्या अर्जावर चुकूनही सही करू नका. हिवाळी टायरचं वेगळं लिहितो, गाडी कुठली घेताय ते कळवा.