आठ बाइटांचं भरतीचं वेळापत्रक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीत जुन्या संगणकांचे वेडे बाराजण आहात, चालू स्थितीतली मशिनं दोनच, एक झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के आणि एक बीबीसी मायक्रो. गटासाठी प्रोग्रॅमिंगची स्पर्धा घ्यायची आहे, तर प्रश्न काय द्यावा आणि निकाल कसा लावावा?

मी वेंगुर्ल्याचा. आमच्या टोळक्यात हे लष्कराच्या भाकऱ्या भाजायचं काम चार वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे जे हात पोळले ते सांगतो. प्रश्न काहीही द्या, पण मोजणार काय आणि कसं, ते आधी ठरवा. आमची सगळी भांडणं मोजण्यावरून झाली.

पहिल्या वर्षी मी हुशारी करायला गेलो. बुद्धिबळाच्या ६४ घरांतून घोडा एकेकदाच फिरवून आणा, असा प्रश्न दिला. नावं चौदा आली, प्रोग्रॅम दोन. साडेतीन मेगाहर्ट्झच्या झेड८० प्रोसेसरवर, तेही बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, घोडा मागे-पुढे करत रात्रभर चालला आणि पहाटे लाइट गेली. परत कोणी तो सुरू केला नाही. ज्याला दिवसभर दुकान किंवा बाग बघायची असते त्याला एका संध्याकाळीत काहीतरी पडद्यावर दिसलं पाहिजे. जगात दहा ओळींच्या बेसिकची स्पर्धा इतकी वर्षं टिकली ती याचमुळे. तिथे एका ओळीत ८०, १२० किंवा २५६ अक्षरं असे गट असतात, आणि नवखासुद्धा काहीतरी पुरं करून देतो.

दुसऱ्या वर्षी प्रश्न किनाऱ्यावरचाच घेतला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आपल्याकडे म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. नियम ढोबळ आहे, बंदरागणिक वेळ सरकते, पण स्पर्धेला पुरेसा. काम एवढंच: प्रतिपदेपासून पंधराव्या तिथीपर्यंत तिथी आणि वेळ छापा, सगळ्यात कमी बाइटांत. गटातल्या एकाचा चुलता तांडेल आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून तो घरीच होता. संगणकाचं बटण त्याने कधी दाबलेलं नाही, पण उत्तरं बरोबर आहेत का हे बघायला त्याच्याइतका खात्रीचा परीक्षक मिळाला नसता. पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "आठमीक सहा, बरोबर."

आता बाइटांची गंमत. स्पेक्ट्रमवर सरळ लिहिलं तर एकच ओळ होते: फॉर एन = १ टू १५, प्रिंट एन, एन * .७५, नेक्स्ट एन. ही ४२ बाइट खाते. कारण प्रिंट, फॉर असे शब्द एकेका बाइटात मावतात, पण आकडा महाग. १५ लिहिलंत की दोन अंकांचे दोन बाइट, आणि त्यामागे मशिन गुपचूप सहा बाइट जोडतं, एक खुणेचा आणि पाच त्या आकड्याच्या आतल्या रूपाचे. आमच्या गटातल्या निवृत्त गणिताच्या मास्तरांनी १५ च्या जागी व्हॅल "१५" लिहिलं, व्हॅल अवतरणातल्या अक्षरांचा आकडा करतं, म्हणून ते गुपचूप सहा जोडले जात नाहीत, पाच बाइटांत काम. .७५ लाही तेच केलं, तिथेही तीन वाचले. आणि १ च्या जागी एसजीएन पाय, म्हणजे गणितातला ३.१४ वाला पाय धन की ऋण ते सांगणं. पाय धन, म्हणून उत्तर १, आणि सात बाइटांचे दोन झाले. ४२ चे ३१. पंचाहत्तरीतला माणूस त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागा होता. सुनेने मला फोन करून झापलं.

बाइट मोजायला मशिनच वापरा, हाताने मोजू नका. स्पेक्ट्रमवर ही ओळ टाका: प्रिंट (पीक २३६२७ + २५६ * पीक २३६२८) - (पीक २३६३५ + २५६ * पीक २३६३६). पीक म्हणजे मेमरीतल्या त्या पत्त्यावरचा आकडा वाचणं. पहिल्या कंसात व्हेरिएबलचा, म्हणजे प्रोग्रॅमने नाव देऊन साठवलेल्या किमतींचा, भाग कुठे सुरू होतो तो पत्ता, दुसऱ्यात प्रोग्रॅम कुठे सुरू होतो तो. वजाबाकी म्हणजे प्रोग्रॅमची लांबी.

याच वजाबाकीने माझी फजिती केली. देवगडच्या एका आंबा बागायतदाराची टेप फाइल, म्हणजे कॅसेटवरचा प्रोग्रॅम फाइलच्या रूपात, आली. लोड केली, पंधराच्या पंधरा तिथी झरझर छापल्या गेल्या. वरची ओळ टाकली तर उत्तर ८. मास्तर चष्मा काढून बघायला लागले. दुसरा एक म्हणाला, "रे, आठ बाइटात पंधरा तिथी मावतत तरी कशे?"

लिस्टिंग, म्हणजे प्रोग्रॅमच्या ओळी, बघितलं: १० प्रिंट ए$. संपलं. ओळीचा क्रमांक दोन बाइट, लांबी दोन, शेवटचा एंटर एक, प्रिंट एक, ए$ दोन. बरोब्बर आठ. पूर्ण वेळापत्रक त्याने आधीच ए$ या अक्षरं साठवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये भरून ठेवलं होतं, आणि स्पेक्ट्रम सेव्ह करताना प्रोग्रॅमबरोबर व्हेरिएबलही टेपवर लिहितो. वर सेव्हला शेवटी लाइन १० लावलेलं, म्हणजे लोड झाल्यावर आपोआप दहाव्या ओळीवर उडी. ती उडी गोटू या आज्ञेची असते, त्यात व्हेरिएबल शाबूत राहतात. मी हाताने रन टाकलं. रन आधी व्हेरिएबल पुसतं. पडद्यावर आलं, 'व्हेरिएबल नॉट फाउंड'.

नियमात बसत होतं, नाकारणार कसं? अर्धं टोळकं म्हणे फसवणूक, अर्धं म्हणे हीच खरी कला. मी त्याला मास्तरांसोबत पहिला नंबर विभागून दिला आणि नियम बदलला. आता मोजताना पहिल्या कंसात २३६४१ आणि २३६४२ वापरतो, म्हणजे व्हेरिएबलही पकडले जातात, आणि प्रोग्रॅम हाताने टाकलेल्या रनवर चाललाच पाहिजे. एम्युलेटरचा, म्हणजे आजच्या संगणकावर जुनं मशिन हुबेहूब चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, स्नॅपशॉट तर घेऊच नका. त्यात सगळी मेमरी येते, काय कुठे लपवलंय ते शोधत बसाल. टेप फाइल आणि वाचता येईल असं लिस्टिंग, दोन्ही मागा.

तुमच्याकडे बीबीसीही आहे, तर त्याची यादी वेगळी लावा. तिथे मोजणं सोपं, प्रिंट टॉप-पेज, म्हणजे शेवटाच्या पत्त्यातून सुरुवातीचा वजा. पण त्याच्या बेसिकमध्ये आकडे साध्या अक्षरांसारखेच साठवले जातात, त्यामुळे व्हॅलची युक्ती तिथे उलट अंगावर येते. दोन मशिनांचे आकडे शेजारी ठेवलेत की वाद निश्चित. वेगाची स्पर्धाही नको. १९८४ च्या क्लास या सरकारी शालेय संगणक योजनेत ज्यांच्या शाळेत बीबीसी आले होते ते सांगतीलच की त्याचं बेसिक किती पळतं.

दोन मशिनं बाराजणांना पुरणार नाहीत, म्हणून लिहायचं घरी एम्युलेटरवर आणि शेवटचा प्रयोग खऱ्या मशिनवर. आम्ही तो गणपतीत ठेवतो, चाकरमानी गावाला आलेले असतात तेव्हा. टेप फाइल मोबाइलवर आवाज म्हणून वाजवून स्पेक्ट्रमच्या इअर सॉकेटमध्ये द्या, आवाज जवळजवळ पूर्ण. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. एकदा ऐन लोडिंगमध्ये कुणाच्या तरी मेसेजची टुंग वाजली आणि 'टेप लोडिंग एरर' आला, सगळं पहिल्यापासून. मशिनं जुलैपासूनच दर आठवड्याला तासभर चालू ठेवा. आपल्या दमट हवेत बीबीसीच्या पॉवर सप्लायमधले जुने कागदी कपॅसिटर चिरतात आणि नेमके पाहुण्यांसमोर धूर सोडतात. ते आधीच बदलून घ्या. आणि स्पेक्ट्रमचा अडॅप्टर ९ व्होल्टचा, पण मधली पिन ऋण असते. बाजारातला कुठलाही उचलून लावू नका.

बक्षीस म्हणून पैसे ठेवू नका. आम्ही फणसपोळी आणि काजू देतो, त्यावर कोणी भांडत नाही.

भरतीचाच प्रश्न घेतलात तर प्रतिपदेची वेळ ०.७५ छापली तर चालेल की १२.७५ च हवी, ते प्रश्नातच लिहा. आम्ही लिहिलं नव्हतं. मास्तरांच्या ३१ बाइटांत ०.७५ येत होतं आणि तांडेल ऐकायलाच तयार नव्हता. "शून्य वाजता खंयची भरती?"