रिपोर्ट वाईट आला, तर दुसऱ्या दिवशी काय कराल?

त्या आल्या त्या वही घेऊनच. वय 51, आईला चार वर्षांपासून अल्झायमर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वहीच्या मागच्या पानांवर तारीख, वेळ आणि त्या वेळी न आठवलेला शब्द. ‘किल्ली – चार मिनिटं.’ ‘शेजारणीच्या सुनेचं नाव – संध्याकाळी आठवलं.’ एका नोंदीखाली दोन रेघा : ‘गाडी कुठे लावली?’

“मॅडम, आता रक्तातून कळतं म्हणे. करून टाकते एकदाची आणि मोकळी होते.”

आई-वडिलांपैकी कोणाला हा आजार असला, की पन्नाशीतल्या मुलांच्या पोटात साध्या विसरण्यानेही गोळा येतो. ‘विसरलो हे ज्याला कळतं, त्याला काही झालेलं नसतं,’ असं म्हणून अनेक जण धीर देतात. मी देत नाही. सुरुवातीला कित्येक रुग्णांना स्वतःलाच ते जाणवत असतं.

चाचणीबद्दल त्यांनी वाचलेलं खोटं नव्हतं. या आजारात मेंदूत अ‍ॅमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात, टाऊ नावाच्या प्रथिनात बदल होतो, आणि त्याचे अंश रक्तात सापडतात. पूर्वी हे पाहायला मेंदूचा पेट (PET) स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातलं पाणी लागायचं. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पी-टाऊ 217 (टाऊचंच बदललेलं रूप) आणि अ‍ॅमिलॉइड यांचं प्रमाण मोजणाऱ्या रक्तचाचणीला परवानगी दिली. तिच्या अभ्यासात 499 नमुने होते. चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी 91.7 टक्क्यांच्या मेंदूत थर खरोखर सापडले; निगेटिव्ह आलेल्यांपैकी 97.3 टक्क्यांत नव्हते. काही रिपोर्ट मात्र मधल्या पट्ट्यात अडकले, ना होय ना नाही.

“बघा, एवढी खात्रीची आहे,” त्या म्हणाल्या.

खात्रीची आहे, पण कोणासाठी? परवानगी आहे ती लक्षणं दिसू लागलेल्या माणसांसाठी, तीही तज्ज्ञाच्या तपासणीला जोड म्हणून. लक्षणं नसलेल्या माणसात हेच आकडे तसेच लागू पडत नाहीत. अ‍ॅमिलॉइड लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधी साचू लागतं, आणि ते असूनही अनेकांना आयुष्यभर स्मृतिभ्रंश होत नाही. मूत्रपिंड नीट चालत नसेल तर पी-टाऊचा आकडा वर जाऊ शकतो, तो भाग वेगळाच.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला : रिपोर्ट वाईट आला, तर दुसऱ्या दिवशी काय कराल?

त्यांचं उत्तर तयार होतं. “ते मशीन मागवीन. भाऊ आईसाठी बघतोय, डोक्याला लावायचं.”

म्हणजे चाचणीचं टोक खरेदीपर्यंत जात होतं. डोक्याबाहेरून चुंबकीय लहरी देऊन मेंदू उत्तेजित करण्याची पद्धत खरी आहे. अमेरिकेत 2008 पासून ती नैराश्यावर वापरली जाते. रोममधल्या संशोधकांनी 2022 मध्ये अल्झायमरच्या 50 रुग्णांवर 24 आठवडे ती करून पाहिली, आणि खोटं उत्तेजन दिलेल्या गटापेक्षा खऱ्या गटाची घसरण मंद राहिली. आशा वाटावी असंच आहे हे. पण माणसं पन्नास, सगळी आजारी, आणि उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. सेकंदाला 40 वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशाने मेंदूतले थर कमी होतात, ही गोष्टही त्यांनी ऐकली होती. ती 2016 मध्ये गाजली ती उंदरांवरच्या प्रयोगामुळे. घरी मागवलेल्या पट्ट्याने निरोगी माणसाचा अल्झायमर टळतो, याला आधार नाही. हे मी मऊ शब्दांत सांगितलं नाही.

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मी वही मागून घेतली. नोंदींच्या वेळा पाहिल्या तर जवळजवळ सगळ्या दुपारनंतरच्या.

“रात्री झोप किती होते?”

“आई तीनदा उठते. मग मीही.”

चाचणी करू नका, असं मी म्हटलं नाही; तो अधिकार माझा नाही. न्यूरॉलॉजिस्टकडे आईसोबत स्वतःचीही वेळ घ्या, वही न्या, आणि झोप, बी-12, थायरॉइड, ऐकू येणं हे आधी पाहून घ्या, एवढंच सुचवलं. स्मरणशक्तीची रीतसर तपासणी झाली. त्यांच्या वयाला साजेसं निघालं. वर्षभराने पुन्हा बघू, म्हणाले डॉक्टर. अल्झायमरची ती रक्तचाचणी करायला त्यांनी सांगितलं नाही, यांनीही विचारलं नाही.

दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, तीच वही घेऊन. विसरलेल्या शब्दांची यादी मध्येच थांबली होती. पुढच्या पानावर आठवड्याचे सात वार आखलेले, रात्री आईजवळ कोण ते. तीन वारांपुढे भावाच्या अक्षरात त्याचं नाव, आणि शनिवारी खाडाखोड.

“शनिवारवरून अजून भांडण चालू आहे,” त्या म्हणाल्या.