मेडिकल एज्युकेशनमधल्या गाईडचा एच-इंडेक्स फक्त १२ आहे, पीएचडीसाठी निवडावं का?

तुम्ही लिहिलंय की गाईड सरांचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलरवर १२ दिसतो आणि स्कोपसवर ७, आणि त्याच कॉलेजातल्या कार्डिओलॉजीच्या प्राध्यापकांचा ४० च्या वर आहे, म्हणून मन कचरतंय. एच-इंडेक्स १२ म्हणजे प्रत्येकी किमान बारा सायटेशन्स (दुसऱ्या लेखांनी दिलेले संदर्भ) मिळालेले बारा पेपर. आकडे दोन ठिकाणी वेगळे दिसतात यात काही काळंबेरं नाही. स्कोपस हा लेखसंग्रह स्वतः निवडलेली जर्नल्स, पुस्तकं आणि परिषदांमधले लेखच मोजतो. गूगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीचे लेख) असं सगळं गोळा करतं. पण कार्डिओलॉजीशी तुलना कृपा करून करू नका. याच तुलनेपायी माझं प्रमोशन अडलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी फिजिऑलॉजी शिकवते, पण संशोधन सगळं परीक्षापद्धतीवर. ऑस्की म्हणजे एकेका स्टेशनवर जाऊन एकेक कौशल्य दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा. तिच्या एकाच स्टेशनवर, एकाच विद्यार्थ्याला दोन परीक्षक किती वेगळे गुण देतात, हा माझा विषय. त्या कामानंतर आमच्या कॉलेजात चेकलिस्ट बदलल्या, परीक्षकांना आधी प्रशिक्षण द्यायला लागले. निवड समितीतल्या एका ज्येष्ठ सर्जननी माझी यादी चाळली आणि म्हणाले, "मॅडम, हे सगळं शिकवण्याबद्दल झालं. रिसर्च कुठाय?" दुसऱ्या उमेदवाराच्या फाईलमध्ये एका मोठ्या बहुकेंद्री ट्रायलचा पेपर होता. लेखकांची यादीच पानभर, त्यात त्यांचं नाव. त्या एका पेपरची सायटेशन्स माझ्या सगळ्या पेपरांच्या बेरजेहून जास्त. त्यांनी रुग्ण नोंदवले, फॉलोअप केले, ते कष्ट खरेच होते. पण प्रश्न मांडण्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत स्वतः केलेलं काम आणि हे, एकाच तराजूत कसं घालता? मी विचारलं. उत्तर आलं नाही, पद मात्र त्यांना मिळालं.

एच-इंडेक्स मांडला तो हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं, २००५ मध्ये. जीवशास्त्रातले आकडे भौतिकशास्त्रातल्यांपेक्षा मोठे असतात, हे त्यानं त्याच लेखात नोंदवून ठेवलंय. समित्या तेवढंच वाचत नाहीत. ज्या विषयात लिहिणारे जास्त आणि प्रत्येक पेपरात संदर्भही जास्त, तिथे सायटेशन्स जास्त, सरळ हिशोब आहे. शिवाय एखाद्याच्या पाच पेपरांना ३००, ४, ३, २, १ अशी सायटेशन्स असतील तर त्याचा इंडेक्स ३. तीनशेंच्या जागी तीन हजार झाली तरी ३च.

आमच्या विषयात तर आणखी गमतीचे प्रकार होतात. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ हार्डन यांनी ऑस्की १९७५ मध्ये मांडली. आज कितीतरी लेखांत 'ऑस्की घेतली' एवढंच असतं, मूळ लेखाचा संदर्भच नाही. उलट, तवाकोल आणि डेनिक यांचं २०११ मधलं क्रॉनबॅक अल्फावरचं (प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) तीन पानी संपादकीय मेडिकल एज्युकेशनच्याच जर्नलमधलं, पण नर्सिंगपासून मॅनेजमेंटपर्यंत जो तो प्रश्नावली वापरतो तो ते साइट करतो. हजारोंनी सायटेशन्स आहेत. उपयोगी लेख आहे, मीही तो साइट केलाय. पण त्या आकड्यावरून मेडिकल एज्युकेशन किती पुढे गेलं हे कळत नाही.

तेव्हा १२ वाईट मुळीच नाही. आकडा सोडा आणि यादी वाचा. एकाच प्रश्नामागे वर्षानुवर्षं लागलेले पेपर दिसतात का? की एका बॅचला प्रश्नावली वाटून 'विद्यार्थ्यांना नवी पद्धत आवडली' एवढंच सांगणारे? माझ्या मते असले पेपर छापूच नयेत. आवडणं ही मूल्यमापनाची सगळ्यात खालची पायरी; शिकले का, वागणं बदललं का, रुग्णाला फायदा झाला का, हे पुढचं कोण बघणार? जुन्या पीएचडीवाल्यांची नावं पहिल्या लेखकाच्या जागी आहेत का तेही बघा. नसतील तर दुसरा गाईड शोधा, मग इंडेक्स ५० का असेना.

आणि हा विषय घेतल्यावर कोणीतरी तुम्हाला 'हा रिसर्चच नव्हे' म्हणणारच. त्यांना विचारा, डॉक्टरला पास-नापास ठरवणाऱ्या परीक्षेवर विश्वास ठेवावा की नाही, हे मग कोणी तपासायचं? मला त्या दिवशी हे सुचलं होतं आणि मी बोललेही.

सायटेशन्सना काहीच अर्थ नाही असं मात्र म्हणत नाही. दहा वर्षं झाली तरी एकाही पेपरची कोणी दखल घेतली नसेल तर का, हे विचारायलाच हवं. स्वतःचीच सायटेशन्स किती हे स्कोपसवर वगळून बघता येतं, तेवढं बघा. गूगल स्कॉलरवर सारख्या नावाच्या माणसाचे पेपर प्रोफाइलमध्ये घुसतात, म्हणून तो १२ आकडाही एकदा यादी उघडून ताडून घ्या.