परदेशी मदत थांबली की बेपत्ता माणसांच्या कुटुंबांचं नेमकं काय अडतं? शोध घेणं सरकारचंच काम ना?

जबाबदारी सरकारचीच, पण बऱ्याचदा ज्या यंत्रणेने माणसं गायब केली तिच्याच दारात घरच्यांना जावं लागतं. म्हणून हे काम कुटुंबांच्या संघटना उचलतात आणि त्यांचा खर्च बहुतेक बाहेरच्या पैशावर चालतो.

सीरियाचंच बघा. ८ डिसेंबर २०२४ ला असद राजवट कोसळली, तुरुंग उघडले. एक लाखाहून जास्त माणसं बेपत्ता. सेदनाया तुरुंगात घरचे लोक जमिनीवर पसरलेल्या कागदांत नावं शोधत होते. कागद गोळा करणं, सामूहिक कबरी कुणी उकरू नयेत म्हणून जपणं, हे तेव्हाच व्हायला हवं होतं. सहा आठवड्यांनी, २० जानेवारी २०२५ ला, अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी रोखली आणि १ जुलैला यूएसएड या परदेशी मदत वाटणाऱ्या आपल्या सरकारी संस्थेचा कारभारच गुंडाळला. सीरियाने बेपत्ता व्यक्तींसाठी राष्ट्रीय आयोग नेमला तो मे २०२५ मध्ये. मधले महिने हातचे गेले.

पहिली कात्री लागते ती प्रवासखर्च, समुपदेशक आणि वकील यांना. नवरा बेपत्ता असलेली बाई कागदोपत्री विधवाही नसते. घर नावावर होत नाही, मुलांची कागदपत्रं अडतात. वकील तारखेला उभा राहिला नाही की प्रकरण मागे पडतं.

खरा घात मात्र नोंदींचा होतो, आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. सापडलेल्या अवशेषांची ओळख डीएनएवरून पटवायला आईवडील किंवा मुलांचा नमुना सर्वांत उपयोगी. एकट्या भावाबहिणीचा सहसा पुरत नाही. रक्ताचे थेंब खास कागदी कार्डावर वाळवले, दमटपणापासून जपले, तर ते वर्षानुवर्षं टिकतात, फ्रीजही लागत नाही. पण गोपनीयतेसाठी कार्डावर फक्त क्रमांक असतो. कुठला क्रमांक कुणाचा, ही यादी वेगळी, बहुधा एखाद्याच लॅपटॉपमध्ये. पगार थांबला, तो कर्मचारी गेला, लॅपटॉप परत केला, की कपाटातलं चांगलं कार्ड बिननावाचं होतं. मग त्या म्हाताऱ्या आईकडे पुन्हा जायचं, ती हयात असली तर.

बोस्नियात युद्धात बेपत्ता झालेल्यांची ओळख पटवण्यासाठीची आंतरराष्ट्रीय संस्था १९९६ मध्ये उभी राहिली. काम अजून संपलेलं नाही. अशा कामाला वर्षभराच्या अनुदानावर टांगून ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

संघटनेत असाल तर आजच क्रमांक-नावांच्या यादीच्या तीन एन्क्रिप्टेड (पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या) प्रती करा, एक देशाबाहेर ठेवा. संमतीपत्रात ‘संस्था बंद झाल्यास नमुना कुणाकडे जाईल’ ही ओळ घाला. ती नसेल तर नमुने दुसऱ्या संस्थेला द्यायला कायदेशीर अडचण येते. मूळ कागद कुठे सापडला, कधी, कुणी उचलला हे फोटोसोबत लिहा, नाहीतर न्यायालयात तो पुरावा म्हणून टिकणं अवघड. आणि दार बंद करायची वेळ आलीच, तर नमुना दिलेल्या प्रत्येक घरी फोन करून सांगा: तुमचा क्रमांक हा, कार्ड आता या ठिकाणी आहे.